कोडोलीचा बेस

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. टेबलावरून एक कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, घसरलं आणि मी सवयीनं ते धरायला गेलो. चूक माझीच होती. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, पडणारी वस्तू पडू द्यायची. हाडं जुळली, पण दोन्ही बोटं अर्धवट वाकलेलीच राहिली.

कामाला काही अडलं नाही. अडलं ते बेस गिटारला.

अठरा वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. लग्नं, जत्रा, कारखान्यांचे वर्धापनदिन, नवरात्रातले कार्यक्रम. साध्या गिटारीपेक्षा लांब दांडीचं, चार जाड तारांचं वाद्य. गाण्याच्या तळाशी राहायचं एवढंच त्याचं काम. तीन तास लोकांच्या नजरेसमोर वाजवून खाली उतरलो की कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही नेमकं काय वाजवत होतासा?" मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मागे उभं राहायची माझी तयारीच होती. पुढे ऑर्केस्ट्रा आटत गेला. आधी ड्रमवाला गेला, मग बासरीवाला, आणि शेवटी लॅपटॉपवर सगळी वाद्यं भरलेली मिळू लागली. त्यालाच ट्रॅक म्हणतात. ट्रॅक लावला की गायक एकटा पुरतो. मला बोलावणं कमी झालं आणि बोटांनंतर ते थांबलंच.

बायको पुण्यात आहे. मुलीचं बाळंतपण होतं म्हणून तीन महिन्यांसाठी गेली, त्याला चौथं वर्ष चालू आहे. भांडण वगैरे काही नाही. मुलगी नोकरी करते, जावई नोकरी करतो, नातीला कुणीतरी लागतं. मला इथली नोकरी सोडता येत नाही. रोज संध्याकाळी फोन होतो, आणि तो झाला की उचगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या दिवशीच्या दूधवाल्यापर्यंत कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मला ते बरं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी टीव्ही चालू ठेवून स्वयंपाक करायला लागलो. तिसऱ्या वर्षी एका रविवारी कपाटामागून जुना बेस काढला, पुसला, गळ्यात अडकवला, आणि लक्षात आलं की दोन बोटं तारेपर्यंत पोचतच नाहीत. दांडी लांब होती आणि जाडही होती. वजनानं पाठ भरून आली ती वेगळीच.

शहरातल्या एका दुकानात गेलो. आखूड दांडीचा, हलका बेस मिळेल का विचारलं. दुकानदारानं माझा हात धरून उलटा-सुलटा करून बघितला.

"ह्या बोटांस्नी मिळणार न्हाय हो. गिटार बोटांसाठी नसतंय, गिटारसाठी बोटं लागत्यात."

त्यानं मला एक चकचकीत पेटी उघडून दाखवली, कंपनीचं नाव सांगितलं आणि आत्ताच घेतला तर पट्टा फुकट देतो म्हणाला. पट्ट्याचं कौतुक करून मी बाहेर पडलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. त्यात नुसते दोन हात दिसत होते. चेहरा नाही, बोलणं नाही, मागं संगीत नाही. ते हात बेसच्या दांडीवर रंधा मारत होते. लाकडाची अखंड पातळ पट्टी वळत वळत बाहेर येत होती आणि दर चार हातांनंतर तो माणूस दांडीवर अंगठा फिरवून बघत होता. मी पंचवीस वर्षं लोकांची कामं तपासतो. अंगठा कोण दाखवायला फिरवतो आणि कोण खरंच काहीतरी शोधत असतो, ते मला कळतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हा माणूस गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एक एक बेस बनवतो, दुकानात ठेवत नाही, थेट घरी पाठवतो.

मी इंग्रजीत निरोप लिहिला. माझं इंग्रजी तपासणीच्या अहवालापुरतं आहे, त्यामुळे तीन ओळींना अर्धा तास लागला. उत्तरही इंग्रजीत आलं, तितकंच ताठ आणि तितकंच मोजकं. त्यानं मला किती पैसे आहेत किंवा कोणता रंग हवा हे विचारलं नाही. विचारलं ते हे: कोणतं बोट किती वाकतं? बसून वाजवता की उभं राहून? पाठीला त्रास आहे का? अंगठा दांडीच्या मागं कुठं टेकतो? पंधरा दिवस आम्ही असे एकमेकांना साहेबी भाषेत लिहीत होतो. मी एकदा विचारलं, फोन करू का? उत्तर आलं, "फोन नको. फक्त मेसेज." मला तो माणूस जरा शिष्ट वाटला.

मग त्यानं हाताचा ठसा मागितला. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची, आणि प्रत्येक बोट वाकवून त्याचंही माप लिहायचं. घरात कोरा कागद सापडेना. कारखान्याच्या रद्द झालेल्या अहवालाचा एक कागद बॅगेत होता, त्याच्या मागच्या बाजूला हात काढला आणि फोटो पाठवला. कागद पातळ होता. पुढच्या बाजूचा छापील पत्ता उलटा, पण स्पष्ट दिसत होता.

दोन मिनिटांत मराठीत उत्तर आलं.

"पावणं, शिरोलीचं हाय काय तुम्ही? मी कोडोलीत हाय."

मी एकटाच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसलो. घरात इतक्या मोठ्यानं हसल्याला किती दिवस झाले होते, आठवेना. कोडोली माझ्या घरापासून स्कूटरवर पाऊण तास. वाठारला हायवे सोडायचा, की आलंच.

पुढच्याच रविवारी गेलो. गावाच्या कडेला, उसाच्या फडाला लागून पत्र्याची शेड होती. दार उघडं होतं. आत पाठमोरा एक माणूस वाकून काम करत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, मला "थांबा दादा" म्हणाल्या आणि शेडच्या पत्र्यावर तळहातानं दणका दिला. तो माणूस लगेच वळला.

"ऐकाय येत न्हाय मला," तो म्हणाला. सगळ्यात आधी हेच. "म्हंजे बारकं न्हाय येत. जाडं येतंय. म्होरं उभं ऱ्हाऊन बोला, तोंडाकडं बघून कळतंय."

तो माझ्याच वयाचा होता, पन्नाशीच्या अलीकडचा. पोरसवदा असताना एका फाउंड्रीत लागला. सुरुवातीची चार-पाच वर्षं ग्राइंडरवर, कास्टिंगचे कोपरे घासायच्या कामाला. कानात काही घालायची तेव्हा पद्धत नव्हती. मग पॅटर्न शॉपमध्ये गेला. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा, केसाइतका. हे काम त्यानं पंधरा वर्षं केलं. पुढे पॅटर्न संगणकावर आखून धातूत कापायला लागले आणि तो घरी आला. तोवर कानांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली. हिचं बोलणं निम्मं गेलं," त्यानं घराकडे मान केली. "डॉक्टर म्हणाला, वरचं गेलं, खालचं शाबूत हाय. मग एकदा जत्रेत ऑर्केस्ट्रा आलता. मी स्पीकरपाशी उभा. गाणारा नुसता तोंड हलवतोय, मला काय न्हाय. आन् एकच वाद्य असं सोच्छ, असं सोच्छ! एकेक ठोका. म्हटलं, हे काय हाय? मागं जाऊन बघितलं तर एक गडी चार तारांचं लांबडं घेऊन हुभा."

आमचा ऑर्केस्ट्रा त्या भागातल्या बऱ्याच जत्रांना गेलेला आहे. मी त्याला काही विचारलं नाही.

"मला ऐकू येणारं तेवढं एकच हाय, तर तेच करूया म्हटलं," तो म्हणाला.

गावात त्याच्या कामाचं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. लोक यायचे ते चौकटी आणि देव्हारे करून मागायला. बेस जायचे बेंगळुरूला, गोव्याला, क्वचित परदेशी. ज्यांच्यासाठी वर्षातले सहा सहा महिने तो वाकून काम करायचा, त्यातलं एकही माणूस त्या शेडमध्ये कधी आलं नव्हतं. मी पहिला.

माझ्या बेसला सात महिने लागले. मी जवळजवळ प्रत्येक रविवारी जायचो. त्याला गरज नव्हती, मला होती. अंगासाठी त्यानं शिवणीचं लाकूड निवडलं, वजनाला हलकं म्हणून. दांडी सागवानाच्या तीन पट्ट्या चिकटवून, मधली पट्टी उलट्या रेषांची, म्हणजे एक वाकायला लागली तर दुसरी धरून ठेवील. वर शिसवाची पट्टी, तिच्यावर पितळी पडदे, म्हणजे सूर ठरवणाऱ्या आडव्या बारीक पट्ट्या. दांडीची लांबी जुन्या बेसपेक्षा चार बोटं कमी. मागची बाजू माझ्या अंगठ्याच्या जागी किंचित सपाट, कारण माझी बोटं वाकत नाहीत म्हणून मी अंगठा जास्त दाबतो. हे त्यानं मला सांगितलं. मला स्वतःला ते अठरा वर्षांत कळलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात, पाऊस उघडता उघडता, मी गेलो तेव्हा तो दांडी डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघत होता.

"बघा की," म्हणून माझ्या हातात दिली.

मी बघितलं. काही दिसेना. खिशातली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पोलादी पानं काढली, सपाट पट्टीवर ठेवून तपासलं. एका कोपऱ्याशी सगळ्यात पातळ पान जेमतेम सरकलं.

"काही नाही हो हे," मी म्हणालो. "आमच्याकडं पास होईल."

"तुमच्याकडं हुईल."

त्यानं दांडी घेतली, पट्टा-करवतीवर ठेवली आणि मधून कापली. चार महिन्यांचं काम. दोन तुकडे जळणात टाकून तो हात पुसत आला.

"आत्ता केसाएवढा पीळ हाय. तीन वर्सांनी तार दाबाय जमणार न्हाय. दुकानातनं घेतला तर शिव्या दुकानदाराला बसत्यात. इथं मधी कोण हाय? शिवी सरळ माझ्या घरात येणार. आन् मला ती ऐकू येणार न्हाय, हिला येणार."

घराच्या दारात बसून लसूण सोलणाऱ्या त्याच्या बायकोनं मान वर न करता म्हटलं, "मी ऐकून घेत्ये व्हय?"

त्याला ते ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी हसलो, तेव्हा तो आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

बेस हातात आला त्या दिवशी मी घरी आणून तो तपासायच्या टेबलावर ठेवावा तसा जेवायच्या टेबलावर ठेवला आणि दोन तास मोजत बसलो. पडद्यांची उंची, तारांमधलं अंतर, दांडीचा सरळपणा. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मग पट्टा गळ्यात घातला. दांडी खाली झुकली नाही. दोन्ही हात सोडले तरी तो माझ्या अंगावर जिथल्या तिथं राहिला. डाव्या हाताची ती दोन बोटं तारेवर टेकली. पूर्ण नाहीत, पण टेकली. मी खुर्चीत बसून एकच सूर बराच वेळ वाजवला.

संध्याकाळी बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवला. दुकानातल्या चांगल्या बेसच्या दुप्पट किंमत होती, तेही सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती त्यावरून बोलेल. तिनं नीट बघितला, कॅमेरा जवळ न्यायला लावला, लाकडाच्या रेषा बघितल्या.

"सुंदर आहे हो," म्हणाली. आणि मग, अगदी सहज, "कुणाबरोबर वाजवणार?"

मागं नात रडायला लागली आणि तिला उठावं लागलं.

तिचा प्रश्न बरोबर होता. सतार एकट्यानं वाजवता येते, बासरी येते. एकटा बेस म्हणजे गाणं काढून घेतलेलं गाणं. मी मोबाईलवर जुनी गाणी लावून त्यांच्याखाली वाजवायचो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर आले आणि भिंत खणणं चालू आहे का म्हणून विचारून गेले. इतका चांगला बेस नसता, साधा असता, तर बहुतेक मी तो पुन्हा कपाटामागं ठेवला असता. तो चांगला होता म्हणून रोज घ्यावा लागायचा, आणि रोज घेतला की घर किती रिकामं आहे ते कळायचं.

मग आमच्या ऑर्केस्ट्राच्या जुन्या गायकाचा फोन आला. तोच मालक, तोच गायक. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, रविवारी दुपारी, हॉलमध्ये.

"भावा, ये की. जुनी गाणी हाईत. तुझ्याबिगर मजा न्हाय."

मी कोडोलीला मेसेज केला: रविवारी या, तुमचा बेस ऐका. मला माहीत होतं की त्यानं बनवलेला एकही बेस गाण्याबरोबर वाजताना त्यानं कधी ऐकला नव्हता. सगळे पेटीत बंद होऊन निघून गेले होते. त्याचं उत्तर आलं, "येतो." पाठोपाठ दुसरं, "स्पीकरपाशी जागा ठेवा."

तो एसटीनं आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. मी त्याला तिसऱ्या ओळीत, उजव्या स्पीकरसमोर बसवलं आणि स्टेजवर गेलो. माझी वायर घेऊन साउंडवाल्याकडं गेलो तर तो गायकाकडं बघायला लागला. गायकानं मला बाजूला घेतलं.

"वायर नको लावू. ट्रॅकमधी बेस भरलाय. दोन्ही वाजलं की गिचका हुतोय. तू निस्ता हुभा ऱ्हा, वाजवल्यागत कर. स्टेज भरल्यालं दिसाय पायजे."

"मला आधी सांगायचंस की."

"आधी सांगितलं असतं तर आला असतास व्हय?" तो हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला हजेरीचं पाकीट मिळणार होतं, जेवण होतं. हॉल भरला होता.

मी खाली उतरून जाऊ शकलो असतो. आजही मला हे स्वतःला समजावता येत नाही, की मी का गेलो नाही. मी उभा राहिलो. चौदा गाणी. प्रत्येक सूर बरोबर वाजवला, निदान मला तसं वाटलं. बोटाखाली तार थरथरत होती, पोटाला लाकडाची कंपनं लागत होती, आणि स्पीकरमधून दुसऱ्याच कुणाचा तरी बेस वाजत होता. तिसऱ्या ओळीकडे मी बघितलं नाही.

संपल्यावर तो स्टेजपाशी आला. मी बेस पेटीत ठेवत होतो.

"स्पीकरमधला माझा न्हवता," तो म्हणाला. त्याचं बोलणं नेहमीच मोठं असायचं, ऐकू न येणाऱ्या माणसाचं असतं तसं. आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

"कसं ओळखलंत?"

"पहिल्याच गाण्यात कळालं. मला वाटलं, माझं कान फसवत असतील. मग आठव्या गाण्यात तुम्ही हात काढून कपाळ पुसलासा. आवाज चालूच."

मी पेटीच्या कड्या लावल्या. जेवणाला थांबा म्हटलं तर "शेवटची गाडी हाय" म्हणाला. दुपारचे साडेतीन वाजले होते. कोडोलीला गाड्या रात्रीपर्यंत असतात.

त्यानंतर चार रविवार मी गेलो नाही. त्याचाही मेसेज आला नाही. मी घर झाडलं, भांडी घासली, पंखे पुसले. एका रविवारी कोडोलीच्या वाटेला लागलो आणि मध्येच स्कूटर वळवून परत आलो. बेस पेटीतून काढला नाही. एखाद्याला वाटेल, एवढं काय त्यात? कुणी मेलं नव्हतं, कुणाचं नुकसान झालं नव्हतं. पण माझ्या ओळखीत एकच माणूस होता ज्यानं माझा हात कागदावर मागवून घेतला होता, आणि मी त्याला शर्ट इस्त्री करून येऊन ते बघायला लावलं होतं.

पाचव्या शनिवारी मेसेज आला.

"एका गिऱ्हाइकाची तक्रार हाय. व्हिडिओ पाठवलाय त्यानं. तार वाजताना खरखर येते म्हणतोय. मला काय ऐकू येत न्हाय. तुम्ही बघा."

खाली व्हिडिओ. मी लावला. खरखर होती, बारीक, पत्र्यावर वाळू पडावी तशी, आणि प्रत्येक सुराला होती. कुणालाही ऐकू आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघालो. तो शेडच्या दारात उभा होता. पत्रा न वाजवताच तो माझ्याकडं बघत होता, हे पहिल्यांदाच.

"हाय का?"

"आहे," मी म्हणालो. "बरीच आहे."

तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला. "ती आधीच्याला बी आसल मग. त्याच्या आधीच्याला बी. लोक गप बसलं आसतील. मी हातानं बघतो, डोळ्यानं बघतो. कानानं कसं बघू?"

एवढी वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्याशी धंदा होता ती सगळी माणसं अक्षरांत होती, त्यांना तो बहिरा आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून तर फोन नको. माझा बेस नीट निघाला होता कारण मी दर रविवारी तिथं बसून तारा छेडत होतो आणि कुठं कुरकुर आली की बोट दाखवत होतो. ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

शेडमध्ये दोन बेस जायला तयार होते. मी एकेक सूर वाजवून बघितला आणि खडूनं खुणा केल्या. पहिल्याचे तीन पडदे, दुसऱ्याचा एक. तो कानशीनं घासायचा, मी वाजवायचो, मान हलवायचो, तो पुन्हा घासायचा. दुपारपर्यंत दोन्ही साफ झाले. तक्रारवाल्याला त्यानं लिहिलं की बेस परत पाठवा, नीट करून देतो. लिहिण्याआधी मला विचारलं, "बहिरा हाय म्हणून सांगू का?"

"तुमची मर्जी."

त्यानं सांगितलं. त्या माणसाचं उत्तर आलं ते फक्त पत्त्याबद्दल होतं.

पिठलं-भाकरी झाल्यावर मी निघायला लागलो तर त्याची नजर माझ्या स्कूटरकडे गेली. पेटी मी आणली होती, पण उघडायचा धीर झाला नव्हता.

"लावा की," तो म्हणाला. "त्या दिशीची समदी. पयल्यापास्नं."

शेडमध्ये त्याचा एक जुना स्पीकर होता. मी वायर लावली. तो स्पीकरला पाठ टेकवून जमिनीवर बसला आणि डोळे मिटले. मी चौदाही गाणी वाजवली. गाणं कुठंच नव्हतं, नुसता त्याचा तळ. मध्ये कडवं संपलं की मी मनात गायकाला जागा सोडत होतो, आणि त्या जागेत बाहेरून उसाचा पाला वाजायचा. त्याच्या बायकोनं दारात येऊन ऐकलं आणि विचारलं, "ह्ये कुठलं गाणं?" मी सांगितल्यावर म्हणाली, "न्हवं हो, ते असं नस्तंय." आणि आत गेली.

संपल्यावर त्यानं डोळे उघडले. मग म्हणाला, "अकराव्यात खालची तार जरा वढून घ्या. उतरल्या."

खरंच उतरली होती.

तेव्हापासून मी रविवारी जातो. जो बेस तयार असेल तो वाजवून बघतो, खडूनं खुणा करतो. माझ्या हातून पास झाल्याशिवाय तो पेटी बंद करत नाही. पैसे तो देऊ करतो, मी घेत नाही, त्यावरून दर दोन-तीन महिन्यांनी आमचं भांडण होतं. बँड मला मिळालेला नाही. गायकाचे फोन आले, मी जात नाही. बायकोनं मागच्या महिन्यात सांगितलं की नातीला शाळेत घातलंय, आता अजून दोन वर्षं तरी. मी बरं म्हणालो. तिनं विचारलं, "राग नाही ना आला?" राग आला नव्हता. मला काय आलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी नातीच्या दप्तराचा रंग विचारला.

गेल्या रविवारी एक नवीन गोष्ट झाली. ज्याचा बेस आम्ही पावसाळ्यात पाठवला होता, त्या कुठल्यातरी लांबच्या गिऱ्हाइकानं आपल्या बँडचं रेकॉर्डिंग पाठवलं. नुसतं गाणं, चित्र नाही. शेडमध्ये एक मोठा हेडफोन होता. त्यानं आधी ऐकलं, दोनदा. तोंडावर काही दिसत नव्हतं, फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत होता. मग हेडफोन काढून माझ्याकडे दिला.

"माझा ऐकला मी. चांगला बसलाय. वर काय हाय ते सांगा."

मी हेडफोन लावला. त्याच्याकडे तोंड करून बसलो, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

"ड्रम आहे. हार्मोनियमसारखं काहीतरी आहे, नीट कळत नाही. एक बाई गातीय."

"काय म्हणत्या?"

"भाषा कळत नाही."

"दुःखाचं हाय का?"

मी थोडा वेळ ऐकलं. "नाही. म्हणजे चाल संथ आहे. पण दुःखाचं नाही वाटत."

"आवाज कसा हाय?"

आवाज कसा आहे हे मला कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मी म्हणालो, थोडा घोगरा आहे, वर जाताना फाटतो, पण ती लपवत नाही. तरणी नसावी. श्वास घेतलेला ऐकू येतो.

तो ते सगळं माझ्या तोंडावरून वाचत होता.

"पुन्ना सांगा," म्हणाला, "सावकास. पयल्यापास्नं लावा, आन् ती गायला लागली की सांगा."

मी गाणं पहिल्यापासून लावलं. हेडफोनची एक बाजू त्यानं कानाला लावली, दुसरी मी. बेस चालू झाला, तो त्याला ऐकू येत होता. मी हात वर करून थांबलो, आणि ती बाई गायला लागली तेव्हा खाली केला.